माहेर दिसणारा माळा

मी माळा बोलतोय. घरातला माळा नव्हे, जिथं तुम्ही फुटक्या कळशा आणि रुखवतातल्या शोभेच्या वस्तू टाकून विसरून जाता. मी शेतातला, राखणीचा. घनसावंगीहून नदीकडं निघालात की डाव्या हाताला उसाचं रान लागतं. त्याच्या मधोमध एका कडुनिंबाला टेकून मी उभा आहे. सध्या मी फोनवरही आहे, पाहुण्यांना भाड्यानं राहायला मिळणाऱ्या जागांच्या यादीत. तिथं माझं नाव 'बर्ड व्ह्यू माळा' असं लिहिलंय. ज्यानं जन्मभर पाखरं हाकलली त्याला हे नाव! पण बारशाला मला कुणी विचारलं नव्हतं.

माझा जन्म या शेताचे मालक रखमाजी यांच्या हातचा. पुढच्या अंगाला बाभळीच्या दोन मेढी, मागं निंबाच्या दोन जाड फांद्या, वर आडवी लाकडं आणि त्यावर तुरीच्या काड्या नि कडबा पसरलेला. दरसाल ज्वारी पोटऱ्यात आली, कणीस बाहेर डोकवायला लागलं की माझा बिछाना नवा व्हायचा. हुरडा धरला की पाखरांच्या झुंडी उतरायच्या, आणि मग दिवस उगवल्यापासून मावळेपर्यंत माझ्यावर कुणीतरी गोफण घेऊन बसलेलं असायचं.

ती कांता होती. गावाच्या कडेच्या बौद्धवाड्यातली, चौदा वर्षांची, रोजानं राखणीला यायची. काय तिची गोफण! दगड सुटला की आधी पाखरं उठायची आणि मग आवाज यायचा. "हाऽऽ हुर्र्र" अशी तिची आरोळी शेताच्या चारी बांधांना पोचायची. मालकांच्या ओसरीच्या पायऱ्या तिनं कधी चढल्या नाहीत. चढायची ती माझ्यावर. मला त्याचा गर्व होता, तो आजही आहे.

दुपारची भाकर घेऊन यायची झुंबर. रखमाजींची सून, लग्नाला सहा महिनेसुद्धा झाले नव्हते. ती कांताहून दोनेक वर्षांनीच मोठी, पण डोक्यावरचा पदर खाली येईल तर शपथ. तिला माझ्यावर चढायची मनाई होती. सासऱ्याच्या डोक्याच्या वर सुनेनं बसायचं नाही, असा त्या घरचा दंडक. सासरे शेतात नसले तरी दंडक शेतात असायचाच. म्हणून कांता फडकं सोडून वर जेवायची आणि झुंबर खाली माझ्या मेढीला धरून उभी राहायची.

एके दिवशी तिनं मान वर करून विचारलं, "कांते, वरून काय दिसून राह्यलंय गं?"

"लई लांबलांबचं दिसतंय, वैनी."

"माझं माहेर दिसतं का? वाटूरच्या अंगाला हाय. देवळाचा कळस हाय मोठा."

कांतानं खाली पाहिलं. झुंबरच्या तोंडाकडं पाहून कुणालाही 'नाही' म्हणवलं नसतं. कांता उठून उभी राहिली, डोळ्यांवर हात धरला आणि बोट लांब करून म्हणाली, "दिसतंय की! त्यो काय कळस. पांढरा धोट हाय. वर झेंडा हाय."

आता माझी उंची ती केवढी! अगदी निरभ्र दिवशी माझ्यावरून नदीकाठच्या झाडांची रेघ दिसायची, एवढंच. वाटूर म्हणजे बैलगाडीनं दिवसभराचा रस्ता. मला सगळं माहीत होतं. मी लाकूड, बोलणार काय. पण खरं सांगतो, तोंड असतं तरी त्या दिवशी उघडलं नसतं.

मग ते रोजचंच झालं. भाकर खाली, माहेर वर. कांताची जीभही सैल सुटली. "आज झेंडा नवा लावलाय, वैनी." "तुमची माय दारात हुभी हाय. हिरवं लुगडं नेसलीय." झुंबर हसून विचारायची, "एवढ्या लांबून लुगडं दिसतं का गं?" की हिचं उत्तर तयार, "माझी नजर घारीची हाय!" झुंबर रिकामं फडकं खांद्यावर टाकून घरी जायची. येतानापेक्षा जाताना तिचं पाऊल हलकं पडायचं, हे मी स्वतः पाहिलंय. दोन-दोन वर्षं तिला माहेरी कुणी धाडत नव्हतं.

अशा चार सुगी गेल्या. पाचव्या वर्षी कांता आली नाही. लग्न होऊन जालन्याला गेली, नवरा लोखंडाच्या कारखान्यात आहे, असं खाली कुणीतरी बोललेलं ऐकलं. निरोप घ्यायचा राहिला. मला तेव्हापासून तिची आठवण आहे. लाकडाला आठवण कसली, असं म्हणू नका. आमच्या अंगावर जे बसतं ते आमच्यात मुरतं.

पुढं पाटाचं पाणी आलं. ज्वारी गेली, कापूस आला. कापूस मागं पडला, ऊस आला. उसाला राखण नको, त्याला पाखरं काय करणार? मग मी बिनकामाचा झालो. माझ्यावर कांदे वाळले, मिरच्या वाळल्या, एक वर्ष तर नुसती फाटकी पोती पडून होती. रखमाजी गेले. झुंबरचा नवराही गेला. आता तिला अडवणारं कुणी उरलं नव्हतं. ती रोज माझ्याखालून जायची, कधी थांबायची, वर बघायची आणि पदर सावरून पुढं निघायची. दंडक घालणारे गेले तरी पायाला लागलेली सवय जात नाही. मी मात्र रोज वाटेकडं डोळे लावून असायचो, की आज तरी ही वर येईल.

मग तिचा मुलगा अंगद कुठल्याशा लग्नाला नाशिककडं जाऊन आला आणि त्याच्या डोक्यात ग्लॅम्पिंग शिरलं.

"माय, तंबूत राहायचं, पण थाटात," तो समजावून सांगत होता.

"तंबूत ऊसतोडीवाले राहतेत की," झुंबरबाई म्हणाल्या. "त्यांला विचार जाय, थाट कसा असतोय त्यो."

पण अंगद ऐकतो होय? निंबाच्या पलीकडं दोन पांढरे तंबू उभे राहिले, एक गोल घुमटाचा डोम आला. मला सागवानी फळ्या, कठडा, मच्छरदाणी, गुबगुबीत गादी आणि चांगला रुंद लाकडी जिना मिळाला. म्हातारपणी मला बोहल्यावर चढवल्यासारखं झालं. नंतर फोटो काढले. ऊस तेव्हा गुडघ्याएवढा होता, म्हणून अंगदनं खाली लिहिलं, 'चारी दिशांना मोकळा नजारा'.

उसाच्या गावात जन्मलेला माणूस, पण ऊस वाढतो हे लिहिताना विसरला. पाहुण्यांचा हंगाम आला तोवर ऊस दोन पुरुष उंच झाला होता, वर तुरे फुटले होते. माझ्यावर बसलं की चारी दिशांना पाचटाची भिंत. पुण्याच्या एका साहेबानं कठड्यावर वाकून विचारलं, "नजारा कुठाय?" अंगद म्हणाला, "हाय ना साहेब, पक्का हाय. तोडीची पाळी आली की दिसतोय बराबर." ऊस कधी तोडायचा हे कारखाना ठरवतो, शेतकरी नाही, हे त्या साहेबाला काय ठाऊक! तेव्हापासून मला कुणी निवडेनासं झालं. लोक राहायची जागा कशी निवडतात ते मी चांगलं पाहिलंय. आधी संडास-बाथरूमचा फोटो, मग गादीचा, मग स्वतःचा फोटो कुठं चांगला येईल ते, आणि राहिलंच तर आभाळ. डोम भरायचा, तंबू भरायचे. मी आपला मच्छरदाणी लावून बसलेला.

यंदाच्या जानेवारीत एका दुपारी गाडी थांबली. उतरली एक तरुण बाई, पुण्याच्या बँकेत काम करणारी मोनाली. तिनं हात देऊन आईला उतरवलं. आईचे केस पांढरे, डोळ्यांवर चष्मा, गुडघ्याला पट्टा. तिनं मान वर केली आणि मी ओळखलं. कांता! आता कांताबाई.

मोनाली अंगदला सांगत होती, "आईच्या पासष्टीसाठी कुठंतरी न्यायचं म्हणून फोनवर जागा दाखवत होते. डोंगरातली घरं दाखवली, तळ्याकाठचे तंबू दाखवले, झाडावरची खोली दाखवली. ही नुसती मान हलवायची. तुमचा फोटो आला आणि फोन हातातून काढूनच घेतला."

अंगद भला माणूस. त्यानं पट्टा पाहिला आणि म्हणाला, "मावशी, तुमाला डोम देतो. पायऱ्या न्हाईत, आत हिटर हाय. माळ्यावर कशाला तरास?"

"मी माळ्यासाठी आले, बाबा. डोम ठेव तुझ्यापाशी."

ती चढली. मध्ये दोनदा थांबली, पण चढली. फळीवर बसून तिनं निंबाच्या फांदीवर हात ठेवला आणि लेकीला हळू आवाजात म्हणाली, "मोना, हितं बसून मी एका बाईशी चार वर्षं लबाड बोलले. ती हाय अजून, असं कळलंय. मरायच्या आधी तिला खरं सांगायचंय. पण ते ऐकून तिला वाईट वाटलं तर काय करू गं?"

त्या बाईला सासरच्या चार वर्षांत तेवढाच एक विसावा होता. तोच खोटा होता असं पन्नास वर्षांनी सांगावं का? आणि न सांगता तरी ही कशी परत जाणार?

बातमी घरी पोचली होती. झुंबरबाई आल्या आणि त्याच मेढीला धरून उभ्या राहिल्या.

"कोण, कांता का?"

"मीच, वैनी. वर या की."

झुंबरबाईंनी जिन्याकडं पाहिलं, मग आजूबाजूला. पदर डोक्यावर नीट केला आणि पहिल्या पायरीवर पाय ठेवला. एकेक पायरी चढताना त्यांना दम लागत होता. माझीच फळी करकरेल आणि ही मागं फिरेल, या भीतीनं मी अंग घट्ट धरून होतो. त्या वर आल्या. दोघी एकमेकींचे हात धरून बसल्या.

मग झुंबरबाईंनी चौफेर पाहिलं. ऊसच ऊस. "कांता, माझं माहेर कुठं दिसायचं गं?"

कांताबाईंचा हात उचलेना. ऊस आडवा होता, नुसतं तिकडं बोट केलं असतं तरी भागलं असतं. पण त्यांचे ओठ हलायच्या आतच झुंबरबाईंनी खाली हाक मारली, "अंगद, कोयता आण. नदीकडच्या चार सऱ्या तोड. पार बांधापर्यंत."

"माय! पाळीला अजून तीन आठवडे हायेत. आत्ता तोडलेला ऊस वाळून जाईल, कारखाना घ्यायचा न्हाई."

"मंग रस काढ. जनावरायला घाल. तोड म्हणलं ना!"

अंगद कुरकुरत उसात शिरला. मोनाली पण मदतीला गेली आणि पाचटानं बोटं कापून घेऊन परत आली. वर कांताबाई हाताची घडी घालत होत्या, सोडत होत्या. उन्हं कलली तशी मधली भिंत फुटली आणि नदीपर्यंत एक मोकळी पट्टी दिसू लागली. कालवा दिसला, उसाची एक ट्रॉली दिसली, मोबाईलचा टॉवर दिसला, मागं झाडांची निळसर रेघ. बस्स.

कांताबाईंना रडू फुटलं. "वैनी, कळस न्हाई. कधीच नव्हता. मी सारं मनचं सांगितलं. तुमची माय, लुगडं, झेंडा, सारं लबाड."

"मला ठाव हाय."

"कधीपसून?"

"पहिल्या दिवसापसून. माझं माहेर उगवतीला, तू बोट दावलं नदीकडं."

कांताबाईंनी पदरानं चष्मा पुसला. "मंग बोलला का न्हाईत?"

"बोलले असते तर दुसऱ्या दिवशी तू सांगायची बंद झाली असतीस. त्या घरात माझ्या माहेराचं नाव काढणारं दुसरं कोण होतं?"

"मंग आज एवढा ऊस कशापायी तोडायला लावला?"

झुंबरबाई त्या पट्टीकडं बघत म्हणाल्या, "तिकडं काईच नसताना तू रोज एवढं कुठून आणत होतीस, ते एकदा बघायचं होतं."

खालून अंगदनं घाम पुसत सांगितलं, की उद्या अकराला माळा मोकळा करावा लागेल, नांदेडचे पाहुणे येणार आहेत. झुंबरबाईंनी खाली पाहिलंसुद्धा नाही. "त्यांला डोम दे. माळा भरलेला हाय."

कांताबाई चार दिवस राहिल्या. जाताना कबूल करून गेल्या, की पुढच्या जानेवारीला नक्की येईन. त्यानंतर तोडीची टोळी आली, ऊस गेला, आणि आता माझा नजारा अगदी फोटोतल्यासारखा मोकळा आहे. पाहुणे येतात, खूश होतात, तारे देतात. झुंबरबाई मात्र एकट्या वर आल्या नाहीत. एकदा जिन्यापर्यंत आल्या आणि म्हणाल्या, "तिच्यासंगंच चढंन."

तेव्हा मंडळी, कुठं राहायचं ते निवडताना मी तुमच्या फोनवर दिसेन. जरूर या, गादी खरंच चांगली आहे. फक्त पुढच्या जानेवारीतले चार दिवस तिथं बंद दिसतील. झुंबरबाईंनी ते आत्ताच अडवून ठेवायला लावलेत. दोघींची वयं मला माहीत आहेत, त्यांचे गुडघेही माझ्या पायऱ्यांनी मोजलेत. माझी तुम्हाला एवढीच विनवणी आहे, की ते चार दिवस अंगदकडं मागू नका. त्या दिवसांत वर कुणी आलेलं दिसलं नाही, तरीही मागू नका.