काचेच्या खोलीतला फोन

मित्रांनो, मी एक जुना टेलिफोन आहे. कारखान्यात माझे सुटे भाग जुळवून मला पहिल्यांदा वाजवून पाहिलं, तेव्हा वाटलं होतं, आपण आता एखाद्या मोठ्या साहेबाच्या टेबलावर बसणार. नशिबी आली बोईसरच्या नाक्यावर रामनाथशेठच्या किराणा दुकानातली काचेची खोली. ही नव्वद सालच्या आसपासची गोष्ट. खोली एक माणूस कसाबसा मावेल एवढीच. दार लावलं की गिऱ्हाइकाला घाम फुटे, पण बिचाऱ्याला वाटे, आता आपलं बोलणं आपल्यापाशी राहिलं.

कसलं राहतंय. माझ्याच वायरीला जोडलेला दुसरा फोन शेठच्या गल्ल्यामागे, साखरेच्या पोत्याआड ठेवलेला होता. इकडे बोलणं रंगात आलं की 'टक्' असा बारीक आवाज होई आणि बोलणाऱ्याचा आवाज किंचित खोल जाई. शेठ सगळं ऐके. त्यातलं कामाचं असेल ते तो कारखान्यांना माणसं पुरवणाऱ्या एका ठेकेदाराच्या कानावर घाली. हजारो माणसांचे शब्द मी इकडून तिकडे नेले, पण माझा स्वतःचा एक शब्दही मला कुणाला सांगता येत नव्हता. यापरती कोंडी नाही.

जवळच्या पाम गावची पुष्पलता माझ्याकडे नेहमी येई. घर मासेमाराचं, पण ती रंगाच्या कारखान्यात पुड्या भरायच्या कामाला. तिथे बायांच्या हातांची सालटी निघत. एकदा तिने पालघरजवळच्या माहीमला मच्छीमार सोसायटीत फोन लावला आणि भावाला, जानूला, सांगितलं की सोमवारी डॉक्टर घेऊन गेटवर ये, तो हात बघेल म्हणजे आम्हाला हातमोजे मागता येतील. मागे टक् झालं. सोमवारी डॉक्टर आला, तर ज्यांचे हात सगळ्यांत वाईट होते, त्या बायांना ठेकेदाराने टेंपोत घालून दुसरीकडे धाडलेलं.

चुगली कोणी केली? सगळ्यांची बोटं ठमीकडे वळली. डोंगराकडच्या पाड्यावरची ही ठमी सकाळी ठेकेदाराच्या घरची भांडी घासून मग कामावर येई. एवढा पुरावा लोकांना पुरला. ती पुष्पलताला माझ्या खोलीच्या दाराशीच भेटली.

"मी नाय सांगला, बाय."

"मंग कोन सांगल? त्याच्या घरात तूच जातंस ना?"

"मी भांडी घासून येतां. मी नाय सांगला."

पुष्पलताने तोंड फिरवलं. दुसऱ्या दिवसापासून डबा खाताना ठमीला कुणी जवळ बसू देईना. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात, ती मी काचेआडून पाहिली. खरं काय ते मला ठाऊक होतं आणि मी आकड्याला लटकून होतो. थोड्याच दिवसांत ठमी काम सोडून वीटभट्टीवर निघून गेली.

मग पुष्पलताने पुन्हा जानूला फोन लावला. "दादा, डागदराला आता घरीच आन. भांगाला आन. बायांना मी मागनं सांगतंय."

"बरं. उधाण सरू दे," जानू म्हणाला.

मित्रांनो, किनाऱ्यावर भांग म्हणजे समुद्राचा जोर ओसरलेले दिवस. अष्टमीच्या सुमाराला पाणी मंदावतं, होड्या बसून राहतात, सुकवायला मासळी नसते, बाया मोकळ्या असतात. पण रामनाथशेठ पडला देशावरचा माणूस. त्याला एकच भांग ठाऊक, घोटून प्यायची.

दुसऱ्याच दिवशी ठेकेदाराच्या पहारेकऱ्याने गेटवर बायांचे डबे उघडायला लावले. "भांग किधर छुपाया है?" तो विचारत सुटला. डब्यांत भाकरी आणि सुकट. बाया पोट धरून हसल्या. पुष्पलता मात्र हसली नाही. तो शब्द तिने एकाच ठिकाणी उच्चारला होता.

सुटी झाल्यावर ती तडक दुकानात आली, माझी वायर हातात धरून तिच्यामागोमाग चालत गेली आणि साखरेच्या पोत्याआड पोचली.

"लाइन तपासायला ठेवलाय, ताई," शेठने सारवासारव केली. ती काही ऐकायला थांबली नाही.

यातूनच बायांचं मंडळ उभं राहिलं, 'आपलं बोलणं आपलं' या नावाचं. पालघरपासून तारापूरपर्यंत फोनच्या प्रत्येक दुकानात जाऊन त्या म्हणत, "आमाला वायर दाखवा." काहींनी हाकलून दिलं, काहींनी निमूटपणे दुसरा फोन काढून टाकला. भांगाला डॉक्टर आला, पुढे हातमोजेही मिळाले. शेठने फोनचा धंदाच बंद केला आणि माझी वायर कापून मला मंडळाच्या हवाली केलं. मंडळ मला गावोगावच्या सभांत नेऊ लागलं. लोक पुष्पलताची वाहवा करत आणि मला हात लावून बघत.

भट्ट्या बंद झाल्यावर ठमी गावी परतली. पुष्पलताने तिला मंडळाच्या खोलीत बोलावून घेतलं, खुर्ची पुढे केली. "चुकलं आमचं, ठमे. चोरून आयकनारा दुसराच व्हता."

ठमीने माझ्याकडे पाहिलं. मग तिच्याकडे.

"तो चोरून आयकं. मी तुझे तोंडावर सांगला, ता कोनी आयकला?"

ठमी खुर्चीवर न बसताच निघून गेली. मला फार वाईट वाटलं.

मित्रांनो, दुसऱ्याच्या खाजगी बोलण्याला कान लावू नये, हे मंडळाच्या सभेत तुम्हाला कळेलच. ठमीचं बोलणं तिथे कुणी सांगत नाही. माझी वायर तुटलेली, त्यामुळे ते माझ्यातच अडकून पडलं आहे. तेवढं तुम्ही पुढे न्या. समोर उभं राहून कुणी काही सांगत असेल, तर आधी त्याचं ऐकून घ्या.