काटे काढलेली चिंच

"काकू, तुमच्या घरी काटेरी झाड चालतं का?"

देविकाने हे विचारलं आणि बशीतला बटाटावडा पाहुण्यांच्या हातात तसाच राहिला. खरं तर प्रश्न तिचा नव्हताच. आकांक्षा आणि मनवा या मैत्रिणींनी सकाळी ग्रुपवर पैज लावली होती: ताईला बघायला येतायत ना, मग त्यांना हेच विचारून दाखव, नाहीतर तू फक्त मोबाईलवर शेर. आठवीपर्यंत हजेरीही पुटपुटत देणारी देविका यंदा वक्तृत्वात पहिली आली होती. तेव्हापासून गप्प बसणं तिला जमतच नव्हतं.

गिरगावहून आलेल्या नवऱ्या मुलाची, शंतनूची आई नुसती हसली. उत्तर दिलं त्याच्या आत्याने.

"कसलं काटेरी?"

देविकाने खिडकीकडे बोट केलं. तिथे पसरट कुंडीत वीतभर उंचीची विलायती चिंच होती. पाचवीत असताना शाळेबाहेरच्या गाडीवरची चिंच खाऊन तिने एक बी पेरलं होतं, त्याचं हे झाड. शिवाजी पार्कला संघमित्रा मॅडमच्या गच्चीवर दर बुधवारी बोन्सायचा वर्ग भरायचा. तिथे शिकून तिने खोडाला तार गुंडाळली, मुळं छाटली, शेंडे खुडले. आता झाड एका अंगाला असं झुकलं होतं, की वरळीच्या समुद्रावरचा वारा रोज तिथूनच जात असावा. प्रत्येक पानाच्या बुडाशी काट्यांची जोडी. जानेवारीतल्या प्रदर्शनासाठी मॅडमनी तेच निवडलं होतं. वर्गातल्या मोठ्या बायकांची झाडं बाजूला ठेवून.

"बसायच्या खोलीत काटे?" आत्याने बशी खाली ठेवली. "वाद होतात हो घरात. आमच्याकडे तर गुलाबसुद्धा गॅलरीच्या बाहेर."

पाहुणे गेले आणि आईचं तोंड सुटलं. "मोठी आली वक्तृत्ववाली. बहिणीचं जमत आलेलं मोडतेस का? पुढच्या रविवारी ते बैठकीला येणार आहेत. त्याआधी ते झाड इथून हलव."

"कुठे हलवू? ऊन या एकाच खिडकीत येतं."

"मग फेकून दे."

ताई, म्हणजे अपेक्षा, साडीच्या निऱ्या सोडत राहिली. बाबाच मधे पडले. "अगो, झाड ऱ्हवांदे. मी बघतंय काय ता."

बाबा बघतो म्हणाले की बघतात, हे देविकाला माहीत होतं. ती निर्धास्त झाली.

शनिवारी ती शाळेतून आली तेव्हा बाबा खिडकीशी बसले होते. नाकावर चष्मा, हातात नेलकटर, एका बोटाला हळद लावलेली. समोरच्या वाटीत काट्यांचा ढीग.

"बघ बाय, एक पण ठेवला नाही. पार बुडातून काढले, परत येण्याचं नाव नको. अर्धी रजा टाकली त्यासाठी. आता झाड पण राहिलं आणि आईस पण बरं वाटलं."

देविका झाडाजवळ गेली. प्रत्येक सांध्यावर ओला, पांढरा ठिपका होता.

"बाबा, दोन काट्यांच्या मधेच डोळा असतो. नवीन फांदी तिथूनच फुटते."

"डोळा?" बाबांनी चष्मा वर केला आणि वाकून बघितलं. बराच वेळ बघत राहिले. "फुटेल की परत. झाड आहे ते."

तिने मॅडमना फोटो पाठवले. मॅडमचं उत्तर संध्याकाळी आलं: पाणी कमी कर, खत घालू नकोस, जगलं तर जगेल. प्रदर्शनाला आपण दुसऱ्या कोणाचं तरी पाठवू.

रविवारी आत्या सोफ्यावर टेकायच्या आधी खिडकीशी गेली. एका फांदीवरून तिने बोट फिरवलं. "हे बरं केलंत. किती गोड दिसतंय. प्लास्टिकचं ना? हल्ली ओळखूच येत नाही."

"हो," आई म्हणाली. "प्लास्टिकचंच."

बाबा लाद्या बघत होते. देविकाने तोंड उघडलं, तेवढ्यात तिची ताईशी नजरानजर झाली. ताईने अगदी थोडी मान हलवली. नको. देविकाला काय बोलायचं ते नेमकं ठाऊक होतं, तरी ती पेढ्यांचं ताट फिरवत राहिली. साखरपुड्याची तारीख ठरली. शंतनू मोबाईलवर हॉल शोधू लागला.

लिफ्टचं दार बंद झाल्यावर आईने सोफ्यावर अंग टाकलं. आज ती भलतीच खुशीत होती. "बघ, त्यांना आवडलंसुद्धा. उगाच रुसून बसली होतीस. आता राहू दे ते खिडकीत कायमचं."

देविकाने कुंडी उचलून छातीशी धरली. दोन पिवळी पानं लादीवर पडली.

"आई, बाबा, उद्या शाळेआधी मी हे मॅडमच्या गच्चीवर नेऊन ठेवणार आहे. जगलं तरी या घरात परत आणणार नाही."