चार सेकंद मागे

घड्याळजींच्या हातून पहिलं घड्याळ दुरुस्त झालं ते पंधराव्या वर्षी, आणि ही गोष्ट ऐकली नाही असा माणूस त्यांच्या ओळखीत उरला नव्हता. बायकोला तर ती इतकी पाठ होती, की पाहुण्यांसमोर ते श्वास घ्यायला थांबले तर पुढचं वाक्य ती आतल्या खोलीतून पुरवायची.

गोष्ट अशी. दुकान बाबांचं. एक टेबल, एक दिवा आणि दोन स्टुलं जेमतेम मावतील एवढंसं. एके दिवशी शाळेतले मास्तर आपलं बंद पडलेलं मनगटी घड्याळ घेऊन आले. बाबांनी ते उघडलं, पाहिलं आणि पोरापुढे सरकवलं. "घे. तूच कर." पोराने दोन तास मान वर केली नाही. घड्याळ चाललं. मग बाबांनी कोरायची सुई त्याच्या हातात दिली. दुरुस्ती करणारा झाकणाच्या आतल्या बाजूला आपली बारीकशी खूण आणि तारीख कोरून ठेवतो, म्हणजे पुढच्याला कळतं, कोणाचा हात कधी फिरला. गिऱ्हाइकाला ती कधी दिसत नाही. बाबांची खूण म्हणजे मासा, दोन वाकड्या रेघा एकमेकींना छेदून काढलेला. दोन वर्षांपूर्वीचा त्यांचा मासा त्या झाकणात होताच. त्याच्याखाली पोराने आपला छोटा मासा कोरला. चौदा मार्च.

"आणि ते घड्याळ पुन्हा म्हणून दुकानात आलं नाही!" हा गोष्टीचा शेवट. इथे घड्याळजी टेबलावर बोट आपटायचे.

आता बाबांना जाऊन एकवीस वर्षं झाली. दुकानाच्या जागी मोबाईलची कव्हरं विकतात. घड्याळजी पासष्टीला आले, हात जरासा थरथरायला लागला, म्हणून दुरुस्ती सुटली आणि जुनी घड्याळं जमवायचा नाद लागला. इंटरनेटवर लिलाव चालतात ना, तिथे. विकणाऱ्याने झाकण उघडून आतला फोटो टाकला असेल, तर घड्याळजी तो मोठा करून आधी मासा शोधत. बायको म्हणायची, "टाकलं वाटतं जाळं."

आणि एका मंगळवारी सापडला की! एक नाही, दोन. मोठा, आणि त्याच्याखाली छोटा, चौदा मार्च. झाकणाच्या खालच्या भागावर उजेडाची तिरीप पडून फोटो तेवढ्यापुरता पांढराफटक झाला होता, पण त्याची पर्वा कोणाला! घड्याळजी खुर्चीतून उठले, बसले, पुन्हा उठले.

"अगं ए! मास्तरांचं घड्याळ! बाबांचा हात आहे गं हा!"

बाबांनी लिहिलेलं एक चिटोरंसुद्धा घरात राहिलं नव्हतं. त्यांच्या हातच्या दोन रेघा पन्नास वर्षांनी समोर आल्या आणि घड्याळजींना रडूच फुटलं.

"मग घ्या की," बायको पदराने चष्मा पुसत म्हणाली. "रडताय काय?"

घेणं इतकं सोपं नव्हतं. लिलाव रविवारी संध्याकाळी साडेसहाला संपणार होता आणि तोवर मूग गिळून बसायचं होतं. आधीच बोली लावली की बघे जागे होतात, किंमत चढते. मुरलेला गडी शेवटच्या पाच सेकंदांत बोली टाकतो, म्हणजे समोरच्याला हात हलवायलाही वेळ मिळत नाही. या कामात घड्याळजींचा हात धरणारं कोणी नव्हतं.

तसा यावर एक साधा उपाय होता. घड्याळं जमवणारे असे ते चौघे मित्र. दर रविवारी सकाळी कंपाउंडरच्या ओट्यावर त्यांची बैठक भरायची. कंपाउंडर म्हणजे दवाखान्यात चाळीस वर्षं औषधं बांधून निवृत्त झालेला घड्याळजींचा बालमित्र. चौघांचा रिवाज असा, की कोणाला एखादी वस्तू फारच हवी असेल तर त्याने शब्द टाकायचा, "हे माझं." मग बाकीचे तिघे त्या लिलावाकडे फिरकायचे नाहीत.

पण घड्याळजी शब्द टाकणार कोणत्या तोंडाने? गेल्या वर्षी कंपाउंडरने एका निळ्या तबकडीच्या घड्याळावर शब्द टाकला होता. त्याच्या थोरल्या भावाचं तसंच होतं, भाऊ आता नव्हता. आणि घड्याळजींनी भलत्याच नावाने खातं काढून शेवटच्या तीन सेकंदांत ते उचललं होतं. मोह झाला, दुसरं काय! तेव्हापासून ते घड्याळ कपाटात रुमालात गुंडाळून पडलेलं. ना घालता येत, ना दाखवता. त्यामुळे त्या रविवारी सकाळीही ओट्यावर घड्याळजी नुसता चहा ढवळत राहिले.

"काय रे, बरं नाही का?" कंपाउंडरने दोनदा विचारलं. "काही विशेष?"

"छे, कुठे काय," घड्याळजी म्हणाले.

संध्याकाळी सहाला ते कॉम्प्युटरसमोर बसले. कॉम्प्युटर म्हातारा झालेला. पडद्यावरचे उलटे आकडे मध्येच अडायचे आणि मग एकदम उड्या मारायचे. म्हणून घड्याळजींचा भरवसा पडद्यावर नसायचा. भरवसा भिंतीवरच्या लंबकाच्या घड्याळावर. तेही दुकानातलं, बाबांचं. "जग चुकेल, हे चुकणार नाही," असं बाबा येणाऱ्याजाणाऱ्याला ऐकवायचे.

खरं सांगायचं तर ते चुकायचं. दिवसाला चार सेकंद मागे पडायचं. लंबकाखालची चकती जराशी फिरवली असती तर काम झालं असतं, पण ती बाबांनी स्वतः लावलेली, तिला कोणी हात लावायचा नाही अशी सक्त ताकीद. आणि बाबांना तोंडावर सांगायचं तरी कोणी, की तुमचं घड्याळ मागे पडतं म्हणून? म्हणून बाबा असल्यापासून घड्याळजींनी रोज सकाळी सहाला रेडिओवर वेळ सांगितली, की खुर्चीवर चढून सेकंदकाटा बोटाने चार घरं पुढे ढकलायचा नेम धरला होता. बाबा तेव्हा अंघोळीला गेलेले असत. बाबा गेले तरी नेम चालूच राहिला. बायकोशिवाय कोणाला पत्ता नव्हता.

"मोज," घड्याळजी म्हणाले. बायको घड्याळाखाली उभी राहिली. किंमत अजून बेताचीच होती, कोणीतरी एकटाच बोली लावून निश्चिंत बसला होता. घड्याळजींनी आपला आकडा भरून ठेवला.

"वीस," बायको म्हणाली. "पंधरा. दहा. नऊ. आठ. सात. सहा. पाच!"

बोट बटणावर पडलं. पडदा क्षणभर अडला आणि मग त्यावर आलं, लिलाव संपला आहे.

"असं कसं? अगं, पाच होते ना?"

"पाचच होते. शपथ!"

दोघंही पडद्याकडे बघत राहिली. शेवटच्या दोन सेकंदांत कोणीतरी तिसऱ्यानेच बोली टाकून घड्याळ नेलं होतं. मग बायकोने हळूच विचारलं, "अहो, सकाळी काटा सरकवलात ना?"

घड्याळजींचा चेहरा उतरला. सकाळी सहाला ते फोटो बघत बसले होते. शनिवारी सकाळपासून मोकळं सुटलेलं बाबांचं घड्याळ रविवारी संध्याकाळपर्यंत सहा सेकंद मागे गेलं होतं. एका सेकंदाने हुकलं. उभा जन्म घड्याळांत घालवलेल्या माणसाला वेळेनेच दगा द्यावा! दोष तरी कोणाला देणार? बाबांचं घड्याळ मागे पडतं, हे त्यांनी स्वतःशीही कधी धड कबूल केलं नव्हतं. रात्री ते जेवले नाहीत. पुढच्या रविवारी ओट्यावरही गेले नाहीत.

मंगळवारी दुपारी कंपाउंडरच घरी आला. हातात एक छोटा खोका.

"का रे लेका, तोंड लपवून बसलास? हे घे तुझं."

खोक्यात मास्तरांचं घड्याळ होतं.

"तुझा मासा मला दिसणार नाही असं वाटलं तुला? ती गोष्ट ऐकून ऐकून कान किटलेत माझे. आठवडाभर वाट बघितली तू शब्द टाकशील म्हणून. रविवारी दोनदा विचारलं, तर म्हणे कुठे काय! म्हटलं, पठ्ठ्याने पाहिलंच नाही. मग शेवटच्या घटकेला मीच टाकली बोली. तुझ्याकडूनच शिकलोय."

घड्याळजी उठले, कपाटातून रुमालाची पुरचुंडी आणली आणि त्याच्यासमोर ठेवली. निळी तबकडी दिसली. "हे मीच नेलं होतं तुझं," ते म्हणाले. "चुकलो रे. लाज वाटायची सांगायला."

कंपाउंडरने ते हातात घेतलं, कानाशी धरलं. "माहीत आहे मला. त्या रविवारी तू मला तीन वेळा 'फार वाईट झालं' म्हणालास. तुझा स्वभाव आहे का तो?" आणि नाक ओढत म्हणाला, "चावी तरी द्यायची होतीस. बंद पडलंय बिचारं."

बायको चहा टाकायला आत गेली. घड्याळजींनी टेबलावरचा दिवा लावला, डोळ्याला भिंग बसवलं आणि मास्तरांच्या घड्याळाचं झाकण उघडलं. मोठा मासा. त्याच्याखाली छोटा, चौदा मार्च. आणि त्याच्याखाली, फोटोत उजेडाने झाकून टाकलेल्या जागी, आणखी एक. मोठा. दोन वाकड्या रेघा, बाबांच्या. सोळा मार्च.

घड्याळजींनी भिंग पुसलं आणि पुन्हा पाहिलं. सोळाच.

"काय झालं?" कंपाउंडरने विचारलं.

"परत आलं होतं," घड्याळजी म्हणाले. "दोन दिवसांत परत आलं होतं रे. मी शाळेत असणार. बाबांनी उघडलं, नीट केलं, आणि..." वर्षानुवर्षं ही फुशारकी बाबांच्या देखत चालली होती. गिऱ्हाइकांसमोर, नातेवाइकांसमोर, लग्नात सासऱ्यांसमोरसुद्धा. बाबा दर वेळी शेजारी बसून मान हलवायचे. "हो हो, पुन्हा म्हणून आलं नाही," असं स्वतः म्हणायचे. घड्याळजी हसायला लागले आणि हसता हसता ढसाढसा रडले. कंपाउंडर त्यांच्या पाठीवर हात ठेवून बसून राहिला. चहाची कपबशी घेऊन बायको दारातच थांबली.

दुसऱ्या दिवशी सकाळी सहाला रेडिओवर वेळ सांगितली. घड्याळजी खुर्चीवर चढले आणि काटा चार घरं पुढे सरकवला.

"आता तरी ती चकती फिरवा की एकदाची," बायको खुर्ची धरून म्हणाली. "पासष्टीला चढउतार बरा नाही."

"नको गं," घड्याळजी म्हणाले. "बाबांना कळेल."