चेंडू कुणाला द्यायचा

चुलीवरच्या पातेल्याचं झाकण खडखडलं, तेव्हा कुठं हे तोंड उघडून बोलले. "रविवारी मला खेळवणार न्हाईत."

मला वाटलंच होतं. मिलमधले वॉर्डलसाहेब विलायतेत एका लहानशा गावाच्या संघात, तिसऱ्या फळीत, अकरा वर्षं फुटबॉल खेळले. गुडघा गेला, मग इथं विणकाम खात्यावर आले आणि आमच्या माणसांना खेळ शिकवायला लागले. ह्यांच्यासारखं पळणारं कुणी नाही, असं तेच म्हणतात. पण हे गोलापर्यंत चेंडू नेतात आणि मागं वळून हिंदुराव जॉबरला देतात. जॉबर म्हणजे मुकादम; मिलमध्ये ह्यांना रोज चालवायला माग देणारा तोच. त्याचं पोट पुढं, पाय मागं. तोवर समोरचे चेंडू घेऊन जातात.

"साहेब स्वतःची टोपी तुडवतोय," हे म्हणाले. "'मारो, मारो' वरडतोय."

"मग मारा की."

"जॉबरच्या म्होरं? सोमवारी माग कोण देईल, तुझा साहेब?"

"मग त्याला तसं सांगा."

"सांगितलं की. म्हनला, मैदानात जॉबर नसतो. त्याच्या गावच्या मैदानात नसंल."

मी भाकरी जरा जोरातच थापली. झोपेतसुद्धा ह्यांचा पाय चेंडू मारल्यासारखा हलतो, ते मीच बघते.

आमची वच्छला चार वर्षांची. ताटातला गूळ तिनं आधी जवळ ओढून घेतला आणि मग विचारलं, "आये, आबानं चेंडू कुणाला द्यायचा?"