माझ्या पोटातले एक लिटर

मित्रांनो, मी पत्र्याची एक जुनी बादली आहे. बादलीजवळ सांगण्यासारखे ते काय असणार, ही शंका मलाही आहे; म्हणून थोडक्यातच सांगते.

दुकानातून मला एका संशोधक बाईंनी आणले. त्यांनी लिटरच्या मापाने माझ्यात वीस वेळा पाणी ओतले, पाणी जिथवर आले तिथे आतून लाल रेघ ओढली आणि मी संशोधनाचे साधन झाले. एवढा मान आपल्या वाट्याला येईल, असे कधी वाटले नव्हते.

आमचे काम एका पंपावर चाले. त्याचे पाणी पाटाने भाजीच्या वाफ्यांना जाई. रोज सकाळी बाई मला पाइपाखाली धरत, रेघेपर्यंत भरायला किती सेकंद लागले ते पाहत आणि लगेच विजेच्या मीटरचा आकडा टिपत. संध्याकाळी निघालेली भाजी तोलत. तोवर पाण्याची माणसे पाणी मोजत, विजेची वीज, शेतीची पीक. कुणी कुणाच्या वहीत डोकावत नसे. बाईंच्या वहीत मात्र तिन्ही आकडे एकाच ओळीत बसत. किलोभर पालक किती पाणी प्यायला आणि ते पाणी वर आणायला किती वीज लागली, हे ती ओळ सांगे. मी थक्क होई.

तिथे खुर्ची नव्हती. बाई मला पालथी घालत आणि माझ्यावर बसून लिहीत. मला त्याचा कोण अभिमान!

वर्षअखेरीस अहवाल तयार झाला. पंप आठऐवजी साडेसात तास चालवला तरी पाणी पुरेल, वीजही वाचेल, असे त्यात होते. पाटाच्या अगदी टोकाला, तिथला वाफा कसणाऱ्या एका काकूंचा पालक होता. त्याला पाणी मिळे ते शेवटच्या अर्ध्या तासात.

अहवाल पाठवायच्या दिवशी सकाळी काकूंनी पिंप भरायला मला मागून नेले आणि दहा बादल्या ओतून तडक परत आल्या.

"बाई, तुमची बादली लबाड झाली हो!"

"का? काय केलं तिनं?"

"दहा बादल्यांत माझं पिंप काठोकाठ भरायचं. आज दोन बोटं रिकामं राहिलं."

"मोजायला चुकला असाल काकू."

"तीन पोरं वाढवलीत मी. दहापर्यंत येतं मोजता!"

बाई हसल्या, पण माप घेऊन बसल्या. एकोणीस मापांतच पाणी रेघेला टेकले. बसून बसून माझे बूड आत गेले होते. मी लवकर भरत होते, म्हणून पंप जास्त पाणी देतो असे दिसत होते. पोटात काही दाटते आहे, असे मला अधूनमधून वाटे. पण आपलाच भ्रम असेल, म्हणून मी ते मनावर घेतले नाही.

बाईंनी आपल्या कचेरीतल्या साहेबांना फोन केला. ते म्हणाले, "एका लिटरानं काय आभाळ कोसळतंय? सगळे आकडे थोडे कमी करून टाका."

"कुठल्या दिवसापासून, सर? बूड कधी बसलं ते मला माहीत नाही. आणि तो अर्धा तास गेला तर टोकाचा वाफा वाळेल."

बाईंनी वर्षाची वही बाजूला ठेवली आणि पहिल्यापासून मोजायला घेतले. आणखी एक वर्ष! नव्या अहवालात पंपाचे आठ तास कायम राहिले. त्याच्या पहिल्या पानावर त्यांनी लिहिले, "पहिल्या वर्षीची मोजणी चुकली. मी मापाच्या बादलीवर बसत होते." एवढे धैर्य माझ्या पत्र्यात नाही.

आता पंपावर नवी बादली आहे. रोज आधी तिचे माप घेतात, मग ती पाणी मोजते. शेजारी बसायला स्टूलही आहे.

मित्रांनो, ज्याने तुम्ही जग मोजता, ते अधूनमधून मोजून पाहा. आणि त्याच्यावर बसू नका. मी आता काकूंकडे असते. त्या पिंप भरताना मोठ्याने मोजतात, "नऊ, दहा... आणि ही वर अर्धी."

पिंप काठोकाठ भरते.