बेअरिंग घट्ट बसलं होतं

रंगरावांना तुम्ही काहीही बोला, पण त्यांच्या गाडीबद्दल बोलू नका. निगडीचा बंगला मुलाच्या नावावर केला तेव्हा गडी हूं की चूं बोलला नाही. पण तळवड्याच्या शेडमध्ये ताडपत्रीखाली पडलेली ती जुनी विलायती गाडी भंगारात द्यायचं नाव कुणी काढलं, की यांच्या डोक्याची शीर उठायची. चालत मात्र ती नव्हती. इंजिन जाम होऊन पडली ती पडलीच. आणि ते कुणामुळं, हे सगळ्या शेजारपाजारच्या शेडवाल्यांना पाठ होतं, कारण रंगरावांनीच ते ज्याला त्याला सांगितलं होतं: विलासनं बेअरिंग घट्ट बसवलं.

विलास म्हणजे त्यांचा जुना जोडीदार. दोघं एकाच कंपनीच्या टूलरूममध्ये, आणि सुट्टीच्या दिवशी या शेडमध्ये. रंगराव साताऱ्याकडचे, विलास लातूरकडचा, बौद्ध घरातला. पण डबा दोघांचा एक. या गाडीची बेअरिंगं हातानं खरवडून बसवावी लागतात. किती खरवडायचं हे पुस्तकात नसतं, बोटांत असतं, आणि ते विलासच्या बोटांत होतं. असा हात अख्ख्या पिंपरीत नाही, हे रंगरावच छाती फुगवून सांगायचे.

इंजिन बांधून झालं ते नेमकं खंडेनवमीला. रंगरावांनी पूजा केली. विलास बाजूला उभा राहिला, त्यानं पेढा खाल्ला, हात काही जोडले नाहीत. त्याच्या घरात ती रीत नव्हती आणि तोवर त्याचं कुणाला काही वाटलंही नव्हतं. दुसऱ्या दिवशी दसऱ्याला गाडी रस्त्यावर काढली, मागच्या सीटवर रुक्मिणीबाई नवी साडी नेसून बसल्या, आणि प्राधिकरणाच्या अलीकडंच इंजिन जाम! बघे जमले. रंगराव भडकले. माणूस भडकला की जीभ काय, उचलली आणि लावली टाळ्याला. "ज्यानं पूजेला हात जोडले नाहीत, त्याच्या हातचं काम टिकणार कसं?" असं ते चारचौघांत बोलून गेले.

 विलास शेडवर परत आला नाही. पुढं त्यानं टूलरूमही सोडली आणि चाकणला एका कंपनीच्या गेटवर सिक्युरिटीत लागला. केसाएवढा फरक सांगणारी बोटं गाड्यांसाठी दांडा वर-खाली करू लागली.

तो यंदा आपणहून आला. त्याची मुलगी मैत्री तळवड्याच्याच आयटी पार्कात कामाला होती, तिनं स्कूटरवरून आणून सोडलं. पार म्हातारा झाला होता.

"रंगराव, ते इंजिन उघडू दे मला," तो म्हणाला. "माझी चूक मला डोळ्यांनी बघायचीय. मग नीट करून देतो. मनातून जात नाही राव ती. आणि जमलं तर मला माफ कर."

रंगरावांनी त्याच्या पाठीवर थाप मारली. "ये रे. झालं गेलं विसरलो मी." विसरलो म्हणे! मोठेपणा काय फुकट मिळतो, तो घ्यायला कुणाचं काय जातं?

दोघांनी इंजिन साखळीवर चढवून बाहेर काढलं. जुन्या तऱ्हेचं ते, व्हॉल्व्ह वर नाहीत, बाजूला ब्लॉकातच बसवलेले; त्यामुळं वरचं हेड म्हणजे नुसतं सपाट झाकण, देवघरातल्या पाटासारखं. विलासनं ते सोडवलं आणि डिझेलनं धुवायला नळाकडं नेलं. इकडं रंगरावांनी इंजिन उलटं करून खालचं तेलाचं चेंबर खोललं. पंपाला तेल ओढून देणारी नळी होती, तिची जाळी केव्हाच कुजून गेलेली. नळीच्या तोंडात काहीतरी गच्च बसलं होतं. स्क्रू ड्रायव्हरनं ढोसलं तेव्हा ते टपकन हातात पडलं.

सुपारी! तेल पिऊन काळी ठिक्कर झालेली, पण सुपारीच.

रंगरावांनी ती तळहातावर फिरवून बघितली. त्या खंडेनवमीला त्यांनी त्याच सपाट हेडवर पूजा मांडली होती. विड्याच्या पानावर सुपारीचा गणपती. मग हौस बघा, इंजिनाला नैवेद्य म्हणून तेलाचं टोपण उघडून स्वतःच्या हातानं वाटीभर तेल ओतलं होतं. टोपण उघडंच टाकून बाटली जागेवर ठेवायला वळले, परत आले तर पानावर सुपारी नाही. उंदरानं नेली म्हणून घरातून दुसरी मागवली. ती घरंगळून टोपणाच्या नळीतून खाली गेली असेल, हे त्यांच्या ध्यानीमनी नव्हतं. तिनं तेल अडवलं. तेल नाही म्हणताना बेअरिंग वितळलं. विलासच्या हाताचा त्यात काडीचा दोष नव्हता.

"काय रे, काही सापडलं?" नळाकडून विलासनं विचारलं.

"काही नाही. गाळ आहे," रंगराव म्हणाले आणि सुपारी खिशात गेली. कशी गेली हे त्यांनाही कळलं नाही.

विलासनं वितळून थिजलेली बेअरिंगं हातात घेतली आणि बराच वेळ फिरवून बघितली. वितळलेल्या धातूत काय दिसणार, कपाळ! पण आपण चुकलो असं मानूनच आलेला माणूस तो. "घट्टच बसलं होतं," तो हळूच म्हणाला. रंगराव खाली बघत बोल्ट पुसत राहिले.

मग काम सुरू झालं. बेअरिंगं भोसरीहून नवा धातू ओतून भरून आणली. विलास खरवडायला बसला, पण त्याचा हात धजेना. एकदा फिरवायचा, थांबायचा, कुठं घासतंय ते कळावं म्हणून पुन्हा निळा रंग लावून बघायचा. "तू बघ रे, मला माझा भरवसा नाही," असं तो सारखं म्हणायचा. ते ऐकलं की रंगरावांच्या अगदी ओठांवर येई. सांगू, चहा झाल्यावर सांगू, असं म्हणता म्हणता ते घरी यायचे, आणि जेवण जायचं नाही. खाई त्याला खवखवे, दुसरं काय.

सुपारी सापडली ती रुक्मिणीबाईंना, पँट धुवायला घेताना.

"अहो, ही पूजेतली ना? त्या वर्षी हरवली होती ती? दुसरी मीच आणून दिली होती." बाई शहाणी, सगळं आपणच जुळवत गेली. तिचा चेहरा उतरला. "विलासभाऊजींना सांगितलंत?"

"सांगतो की. इंजिन चालू होऊ दे. आत्ता सांगितलं तर तो काम टाकून जाईल."

"म्हणजे इंजिनासाठी थांबलात होय," त्या म्हणाल्या आणि सुपारी त्यांच्या पुढ्यात ठेवून आत गेल्या.

इंजिन बांधून गाडीत बसलं त्या रविवारी मैत्री आणि रुक्मिणीबाई दोघी शेडवर आल्या. विलासनं शेवटचा बोल्ट आवळला, हात पुसले आणि घसा खाकरला.

"रंगराव, पूजा मांड. या खेपेला मीही हात जोडतो. उगाच पुन्हा काही व्हायला नको."

"पप्पा?" मैत्री एक पाऊल पुढं आली. विलास तिच्याकडं न बघता बॉनेटपाशी जाऊन उभा राहिला, आणि त्यानं खरंच हात जोडले.

आता मात्र रंगरावांना राहवेना. त्यांनी खिशातून ती काळी सुपारी काढून हेडवर ठेवली.

"नको विलास. हात खाली घे. ही नळीत अडकली होती. माझ्या पूजेतली. तेल हिनं अडवलं. तुझं बेअरिंग बरोबर होतं."

विलासनं सुपारी उचलली. तिच्यावर नळीच्या तोंडाचा गोल वळ उमटला होता. त्याला कुणी समजावून सांगायची गरज नव्हती. त्याचा चेहरा असा फुलला की रंगरावांना मान वर करवेना. "मैत्री, बघ गं! माझा हात चुकला नव्हता! बघ ना!" तो तिला ती सुपारी पुन्हा पुन्हा दाखवत होता, डोळ्यांतनं पाणी वाहत होतं. मग तो एकदम थांबला.

"कधी सापडली?"

 "चेंबर उघडलं त्या दिवशी," रंगराव म्हणाले.

"मी ती बेअरिंगं घेऊन बसलो होतो तेव्हा?"

"तेव्हा खिशात होती."

विलासनं डोळे पुसले. आवाज चढवला नाही. "त्या दसऱ्याचं मी धरत नाही रंगराव. तेव्हा तुला तरी कुठं ठाऊक होतं. पण चेंबर उघडल्यापासून मी रोज इथं येऊन चुकलो चुकलो म्हणत होतो, आणि तू म्हणू दिलंस. मघाशी हातसुद्धा जोडू दिलेस."

"विलास, अरे ऐक तर..."

विलासनं सुपारी त्यांच्या हातावर ठेवली आणि इंजिन फिरवायचं हँडल घेऊन गाडीच्या पुढं गेला. दुसऱ्याच हिसक्याला इंजिन सुरू झालं. लांब स्क्रू ड्रायव्हरचं टोक ब्लॉकला आणि मूठ कानाला लावून त्यानं एकेक बेअरिंग ऐकलं, घाई केली नाही.

"बरोबर बसलंय," तो म्हणाला. स्वतःशीच. मग हँडल जागेवर ठेवलं, रुक्मिणीबाईंना "येतो वहिनी" म्हणाला आणि मैत्रीच्या मागं स्कूटरवर बसला.

रुक्मिणीबाईही थोड्या वेळानं रिक्षा बघायला रस्त्यावर गेल्या. इंजिन झकास चाललं होतं. सुपारी मुठीत धरून रंगराव शेजारी उभे होते, आणि ते बंद करायला काही त्यांचा हात उचलेना.