पाठीवरच्या पाच वड्या

मित्रांनो, मी एक जुनं पॅड आहे. परीक्षेला नेता ना, तसलंच. तपकिरी फळी अन् वर लोखंडी चिमटा. चिमटा भलताच कडक, आणि माझा स्वभावही तसाच. बोट सापडलं की माणूस मला शिव्या घालतो. स्वतः नीट धरायला नको!

मी नोकरीला होतो ते सगळ्या बँकांच्या वरच्या बँकेत. तिथे पैसे ठेवायला कुणी येत नाही. तिथल्या संशोधन विभागातली माणसं महागाई कुठे चाललीय याच्यावर दिवसभर डोकं खाजवत बसतात. लोकांना काय वाटतं ते विचारायला दर तीन महिन्यांनी आमच्या ताई निघायच्या. मी त्यांच्या काखेत. ऊन, चिखल, कुत्री, सगळं आम्ही दोघांनी सोसलं.

ताईंचा प्रश्न ठरलेला. "महागाई किती वाढलीय, आणि वर्षभरात आणखी किती वाढेल, असं वाटतं?"

एक न्हावीदादा म्हणाला, "महागाई वाढते, गिऱ्हाइकांचे केस कमी होतात. माझं दोन्हीकडून मरण!"

त्याच्याच गल्लीत एक शिंपीणमावशी होत्या. त्या म्हणाल्या, "साबणाचा भाव तोच आहे गं, पण वडी बघ. आधी मुठीत मावायची नाही, आता मुठीत शोधावी लागते." असं म्हणून त्यांनी कोरी वडी माझ्या पाठीवर ठेवली. ताईंनी हसत पेन्सिलीने तिच्याभोवती रेघ मारली आणि तारीख घातली. मग दोघींना तो नादच लागला. तीन वर्षांत माझ्या पाठीवर एकात एक अशा पाच वड्या झाल्या. मला गुदगुल्या व्हायच्या, पण सांगतो कुणाला?

मग टॅब आले. मला रद्दीच्या खोक्यात टाकलं. असा संताप आला म्हणता!

त्याच दिवशी चष्मेवाले साहेब ताईंना म्हणाले, "त्या गल्लीचे तुमचे चाळीस फॉर्म बाद करतोय. बाजारात भाव हललेले नाहीत आणि हे सगळे म्हणतात, महागाई भडकलीय. घरी बसून भरलेत का?"

ताई लालबुंद झाल्या. "घरी बसून? माझ्या चपला बघा, साहेब!"

"चपला कॉम्प्युटरमध्ये भरता येत नाहीत, ताई."

ताई तरातरा रद्दीच्या खोक्याकडे आल्या. जुने कागद उपसले, मला ओढून काढलं आणि साहेबांच्या टेबलावर पालथं आपटलं. "मग हे भरा!"

साहेबांनी पट्टी लावली. एकदा मापलं, पुन्हा मापलं. चष्मा पुसून तिसऱ्यांदा मापलं. तेवढ्यात विभागाच्या मोठ्या बाई मागे येऊन उभ्या राहिल्या. वाकून बघितलं आणि कपाळावर हात मारला. "अरे, बाजारात जाणारी आपली माणसं पाकिटावरचा भाव तेवढा उतरवून आणतात. वजन कुणी बघितलंच नाही! ती गल्ली खरं बोलतेय."

चाळीसच्या चाळीस फॉर्म परत गठ्ठ्यात गेले. साहेब पुटपुटले, "चुकलं, ताई."

"मोठ्याने म्हणा," ताई म्हणाल्या. साहेबांनी म्हटलं! आता भाव आणायला जाणारा प्रत्येकजण पिशवीत वजनकाटा घेऊन जातो, आणि मी साहेबांच्याच टेबलामागे खिळ्यावर लटकतो.

तेव्हा मित्रांनो, जुनी वस्तू टाकायची तर टाका, पण आधी एकदा उलटून बघा. आणि बोटं सांभाळा. काल मला पुसताना साहेबांचं सापडलं. मी मुद्दाम नाही केलं.

थोडंसंच केलं.